ठासणीच्या दोन रायफली आणि एक गुळगुळीत नळी

२ जुलै १८६०. लंडनजवळचे विम्बल्डनचे माळरान. (हो, तेच विम्बल्डन. टेनिसची स्पर्धा तेथे आणखी सतरा वर्षांनी सुरू झाली.) लोखंडी आधारावर घट्ट बसवलेली एक रायफल, तिच्या चापाला बांधलेली रेशमी दोरी आणि ती दोरी ओढण्यासाठी आलेली खुद्द राणी व्हिक्टोरिया. निशाण ४०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६५ मीटरवर होते. दोरी ओढली गेली आणि गोळी निशाणाच्या केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली.

त्या रायफलीचे नाव व्हिटवर्थ. ती ठासणीची होती.

धागा जरा लांब आहे, सवडीने वाचावा. जुन्या बंदुकांची आवड असलेले दोघे भेटले की ‘कोणती सरस?’ हा वाद ठरलेला असतो, आणि तो बहुधा तीन कसोट्यांवर चालतो: नेम, किंमत आणि ती आपली असल्याचा अभिमान. याच कसोट्यांवर एकाच काळातील दोन ब्रिटिश रायफली ताडून पाहू. एक व्हिटवर्थ, दुसरी एनफिल्ड. हिचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, ते मात्र तिच्या काडतुसामुळे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने आत ठासतात. ‘ब्राउन बेस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या ब्रिटिश मस्केटची नळी आतून गुळगुळीत होती. तिचा व्यास पाऊण इंच आणि गोळी त्याहून बेताने लहान. त्यामुळे ती भराभर ठासता येई. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण सैल गोळी नळीत आपटत, गडबडत बाहेर पडे आणि कोणत्या बाजूला झुकेल याचा भरवसा नसे. जॉर्ज हँगर या अनुभवी ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१४ मध्ये लिहून ठेवले आहे की, या बंदुकीने ८० यार्डांवरचा माणूस टिपता येईल, कदाचित १०० वरचाही. २०० यार्डांवरच्या माणसावर नेम धरणे आणि चंद्रावर नेम धरणे सारखेच.

नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. हीच रायफल. हे ज्ञान शतकानुशतके जुने होते. अडचण अशी की खाचांची पकड बसण्यासाठी गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी ठासायला वेळ लागतो. म्हणून १८०० साली निवडलेली बेकर रायफल फक्त खास तुकड्यांना मिळाली. बाकी सैन्य मस्केटवरच राहिले. ही कोंडी फ्रान्समध्ये १८४९ च्या सुमारास मिनिए नावाच्या अधिकाऱ्याच्या गोळीने फोडली. ती लांबट, टोकदार आणि मागून पोकळ होती. नळीत सहज उतरे आणि बार उडताच तिचा मागचा भाग फुगून खाचांमध्ये बसे. या तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड तयार झाली: ०.५७७ इंचाची नळी, तीन खाचा आणि ७८ इंचांत एक पेच. आता साध्या पलटणीतल्या शिपायाच्या हातातही रायफल आली.

येथे जोसेफ व्हिटवर्थ प्रवेश करतो. हा मँचेस्टरचा यंत्रशास्त्रज्ञ. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून देणारा हाच. इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारे यंत्रही याचेच. १८५४ मध्ये सरकारने त्याला रायफली बनवण्याच्या यंत्रांबद्दल विचारले. त्याने उलट विचारले की, चांगली रायफल म्हणजे नेमकी कोणती, हे तुम्हाला माहीत आहे काय? उत्तर शोधण्यासाठी सरकारी खर्चाने त्याच्या घराजवळ ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त दालन उभारण्यात आले, म्हणजे वाऱ्याचा प्रश्नच नको. (गंमत अशी की पहिले दालन वादळाने पाडले.) प्रयोगांतून निघालेली त्याची नळी ०.४५१ इंचाची होती आणि तिचा छेद षट्कोनी होता. गोळीही तशीच षट्कोनी, आणि पेच २० इंचांत एक, म्हणजे एनफिल्डच्या जवळजवळ चौपट घट्ट.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथील नेमबाजीच्या लष्करी शाळेत दोघींची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन सव्वादोन फुटांच्या घरात होते. व्हिटवर्थचे साडेचार इंच. ८०० यार्डांवर एनफिल्ड चार फुटांहून अधिक भरकटली, व्हिटवर्थ एका फुटाच्या आसपास राहिली. नेमाच्या कसोटीवर वादाला जागाच उरली नाही.

मग ब्रिटिश सैन्याने व्हिटवर्थ का स्वीकारली नाही? पहिले कारण किंमत. ती एनफिल्डच्या चौपटीच्या घरात जाई. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. काळ्या दारूची राख नळीत साचते. अरुंद, काटेकोर नळीत ती लवकर अडते आणि पुढची गोळी ठासणे जड जाते. चाचणीच्या मैदानावर नळी पुसायला वेळ असतो, लढाईत नसतो. एनफिल्डचे माप सैल होते आणि तो सैलपणाच शिपायाच्या कामी येई. शिवाय एनफिल्डच्या कारखान्यात अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांवर तिचे भाग असे घडू लागले होते की एका रायफलीचा भाग दुसरीला बसे. सेनापतीला एक अचूक रायफल नको असते, त्याला लाखभर पुरेशा अचूक रायफली हव्या असतात.

व्हिटवर्थ मग हौशी नेमबाजांची झाली. त्याची गोष्ट १८५९ मध्ये सुरू होते. फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने त्या वर्षीच्या १२ मे रोजी ब्रिटिश युद्धमंत्र्यांनी परिपत्रक काढून नागरिकांची स्वयंसेवक पथके उभारण्यास मान्यता दिली. अट एकच: शस्त्र आणि गणवेश आपापल्या खर्चाने. वकील, कारकून, दुकानदार पुढे आले आणि दोन-तीन वर्षांत ही संख्या लाखाच्या वर गेली. पुढे सरकारने एनफिल्ड पुरवल्या, पण ‘माझी रायफल’ ही भावना तोवर रुजली होती. राणीने दोरी ओढली ती याच स्वयंसेवकांच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत. तेथे राणीच्या नावाचे २५० पौंडांचे बक्षीस होते. प्राथमिक फेरी एनफिल्डने झाली आणि ८०० ते १,००० यार्डांची अंतिम फेरी व्हिटवर्थने. कामाला एनफिल्ड आणि मानाला व्हिटवर्थ, असा हा निवाडा होता. (अमेरिकन यादवीत दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनीही व्हिटवर्थ वापरली. १८६४ मध्ये ‘एवढ्या अंतरावरून त्यांना हत्तीसुद्धा टिपता येणार नाही’ अशा अर्थाचे बोलून लगेच गोळी लागून पडलेल्या जनरल सेजविकचा बळीही अनेक जण तिच्या खाती मांडतात. ती गोळी नक्की कोणत्या रायफलीची, यावर एकमत नाही.)

पुष्कळ बंदूकप्रेमी येथे थांबतात. आपण थांबून चालणार नाही, कारण ज्या एप्रिल १८५७ मध्ये हाइथला फुटा-इंचांचा हिशेब चालला होता, त्याच महिन्याच्या २४ तारखेला मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ती काडतुसे एनफिल्डची नव्हती, जुन्याच बनावटीची होती. पण संशय तोवर बंदुकीवरून सरकारवर सरकला होता. पुढच्या लढायांत बहुतेक बंडवाल्या शिपायांच्या हाती जुनी गुळगुळीत मस्केटच होती आणि समोरच्या गोऱ्या पलटणींकडे एनफिल्ड. शंभर यार्डांचा नेम विरुद्ध अनेक शे यार्डांचा नेम. कानपूर, लखनौच्या लढायांची वर्णने वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

उठाव शमल्यावर हिंदी पलटणींना कोणती बंदूक द्यावी, हा प्रश्न आला. उत्तर म्हणून १८५८ च्या नमुन्याची एक बंदूक तयार झाली. बाहेरून ती हुबेहूब एनफिल्ड दिसते: तेच लाकूड, तशाच पट्ट्या, तोच घोडा. मात्र नळीतील खाचा खरवडून काढल्या आहेत. ०.५७७ इंचाची नळी ०.६५६ इंचांपर्यंत रुंद करून गुळगुळीत केली आहे आणि अंतराप्रमाणे वर-खाली होणारी नेमाची पट्टी काढून तेथे साधा, अचल ठोकळा बसवला आहे. खाचा काढल्यामुळे नळीची जाडी घटली, ती कमकुवत ठरू लागली. म्हणून पुढच्याच वर्षी जाड नळीचा सुधारित नमुना आला. हा सगळा खटाटोप बंदूक कमी अचूक व्हावी म्हणून. शस्त्रांच्या इतिहासात मी आजवर जे काही वाचले, त्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी वस्तू हीच.

आता तिसरी कसोटी इकडे लावून पाहा. १८५९ मध्ये इंग्लंडातील कारकुनाला स्वतःची रायफल घ्या म्हणून सांगितले जात होते. त्याच सुमारास अवधमध्ये गावोगाव शस्त्रे गोळा केली जात होती. एकट्या अवधमधून जमा झालेल्या बंदुकांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. त्यांत तालुकदारांच्या चांदीच्या कामाच्या बंदुका होत्या तशाच साध्या तोडेदारही. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना तीतून वगळले. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे पुजण्याची रीत. पण पुजायची बंदूक घरात ठेवायला आता सरकारचा कागद लागू लागला. कूर्गच्या कोडवांना १८६१ मध्ये सूट मिळाली होती, आणि कैलपोदच्या सणाला ते आजही बंदुकीला फुले वाहतात. १८८६ च्या कोलकाता काँग्रेसमध्ये हिंदी लोकांनाही स्वयंसेवक होऊ द्यावे, असा ठराव झाला. त्यावर बोलणाऱ्यांत अवधच्या काळाकांकरचे राजा रामपाल सिंह होते. पुढच्या वर्षी मद्रासला शस्त्र कायद्याचा प्रश्न आला.

व्हिटवर्थ आणि एनफिल्ड यांच्यातील वाद दरम्यान संपून गेला होता. १८६६ पासून जुन्या एनफिल्डच्या नळीला मागून काडतूस घालण्याची स्नायडर पद्धतीची सोय बसवण्यात आली आणि ठासणीचा काळ सरला. हिंदी पलटणींना स्नायडर मिळाली, ती गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आल्यानंतर.

एखाद्या संग्रहालयात ‘एनफिल्ड’ अशी पाटी लावलेली बंदूक दिसली, तर पाटीवर विसंबू नका. आधी मागची नेमाची पट्टी पाहा: शिडीसारखी उभी राहणारी आहे की नुसता ठोकळा? मग परवानगी असेल तर नळीच्या तोंडाशी उजेड धरून आत डोकवा. तीन खाचा दिसल्या तर ती एनफिल्ड. काहीच दिसले नाही, तर ती कोणाच्या हाती दिली गेली होती हे आता तुम्हाला ठाऊक आहे.