नाताळच्या सुट्टीत कोणते शहर? न्युरेंबर्गच्या एका चौकाचा इतिहास

१/१३
नाताळची सुट्टी जवळ आली की युरोपची वाट धरणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : शहर कोणते निवडावे? प्रत्येक शहर आपल्या नाताळ बाजाराचे वय पुढे करते. ड्रेस्डेन १४३४ साल सांगते, स्ट्रासबुर्ग १५७०, न्युरेंबर्ग १६२८. सनावळीच्या कसोटीवर या तिघांत न्युरेंबर्ग शेवटचे ठरते. तरीही इतिहासाची ओढ असलेल्याने न्युरेंबर्गच निवडावे, असे मला वाटते. या निवडीचे कारण मात्र बाजारात नाही. बाजार जिथे भरतो त्या जमिनीत आहे.

२/१३
आधी बाजाराविषयी. त्याचे नाव ‘क्रिस्टकिंडलेसमार्क्ट’, म्हणजे ख्रिस्तबाळाचा बाजार. या नावामागे धर्मसुधारणेचा इतिहास आहे. पूर्वी मुलांना भेटवस्तू मिळत त्या ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी. संतपूजेला विरोध असलेल्या मार्टिन ल्यूथरच्या परंपरेने भेटी देण्याचा मान ख्रिस्तबाळाला दिला आणि दिवस नाताळवर आणला. न्युरेंबर्गने १५२५ मध्येच ल्यूथरचा पंथ स्वीकारला होता.

३/१३
या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे राजाज्ञा किंवा शिलालेख नव्हे, तर फुलांनी रंगवलेली एक लहानशी लाकडी डबी. ही डबी १६२८ मध्ये या बाजाराच्या निमित्ताने एका मुलीला भेट म्हणून पाठवली होती, असा मजकूर तिच्यावर आहे. न्युरेंबर्गच्याच जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये ती जपलेली आहे. इतिहासाचे साधन किती घरगुती असू शकते, याचे हे सुंदर उदाहरण.

४/१३
आता चौकाकडे वळू. बाजार भरतो तो ‘हाउप्टमार्क्ट’, म्हणजे मुख्य बाजारचौक. दाटीवाटीच्या जुन्या शहराच्या मधोमध एवढी मोकळी जागा कशी आली? चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती मोकळी नव्हतीच. पेग्निट्स नदीकाठच्या या सखल भागात ज्यूंची वस्ती होती आणि त्या वस्तीत त्यांचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ होते.

५/१३
१३४९ साली युरोपात प्लेगचा हाहाकार चालू होता आणि ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा गावोगाव पसरली होती. नोव्हेंबरमध्ये राजा चौथा कार्ल याने न्युरेंबर्गच्या नगरसभेला लेखी परवानगी दिली : ज्यूंची घरे पाडून तिथे चौक करावेत आणि सिनेगॉगच्या जागी मेरीमातेचे चर्च बांधावे. ५ डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाच्या आदल्या दिवशी, कत्तल झाली. ज्यूंच्या स्मरणग्रंथात ५६२ मृतांची नोंद आहे. क्रम ध्यानात घ्या. परवानगी आधी, कत्तल नंतर. अफवेने पेटलेला जमाव एवढेच या घटनेचे स्पष्टीकरण पुरत नाही. जमिनीचा हिशोब आधीच झालेला होता.

६/१३
सिनेगॉगच्या जागी उभे राहिलेले ‘फ्राउएनकिर्श’ हे चर्च आजही चौकाच्या पूर्व बाजूस दिमाखाने उभे आहे. त्याच्या दर्शनी भागावर १५०९ चे एक यांत्रिक घड्याळ आहे. रोज दुपारी बाराला त्यातील सात निर्वाचक राजपुत्रांच्या मूर्ती सिंहासनावरील सम्राटाला प्रदक्षिणा घालतात. हा सम्राट म्हणजे तोच चौथा कार्ल. त्याने १३५६ मध्ये काढलेल्या ‘सुवर्ण फर्माना’चे हे स्मरण. खाली उभे राहून कौतुकाने छायाचित्रे टिपणाऱ्यांपैकी किती जणांना १३४९ चे त्याचे दुसरे फर्मान ठाऊक असेल?

७/१३
कत्तलीनंतर काही ज्यू कुटुंबे शहरात परतली, पण १४९९ पर्यंत त्यांना पुन्हा हद्दपार करण्यात आले. शहरात कायमचे राहण्याची परवानगी पुन्हा मिळाली ती थेट १८५० मध्ये. म्हणजे ती रंगीत डबी भेट गेली तेव्हा या शहरात एकही ज्यू कुटुंब राहत नव्हते. बाजाराच्या भरभराटीचा काळ आणि या अनुपस्थितीचा काळ एकच आहे.

८/१३
मग ही परंपरा अखंड चालत आली का? नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजाराची रया गेली आणि तो मुख्य चौकातून हलवला गेला. त्याला समारंभपूर्वक परत आणले ते १९३३ मध्ये, नाझी राजवटीने. तेव्हा चौकाचे नाव ‘अ‍ॅडॉल्फ हिटलर चौक’ असे झाले होते. सोनेरी वेशातील ख्रिस्तबाळ, दोन्ही बाजूंस देवदूत, मुलांचे गायन, चर्चचा घंटानाद, असा देखणा उद्घाटन सोहळा तेव्हा रचला गेला. ‘प्राचीन जर्मन शहर’ ही प्रतिमा नव्या सत्तेला हवी होती.

९/१३
त्याच शहरात सप्टेंबर १९३५ मध्ये ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे ‘न्युरेंबर्ग कायदे’ घोषित झाले. ऑगस्ट १९३८ मध्ये शहराचे मुख्य सिनेगॉग पाडले गेले. २९ नोव्हेंबर १९४१ रोजी सुमारे एक हजार ज्यूंना घेऊन पहिली गाडी इथून रीगाकडे निघाली. त्यांतले फारच थोडे वाचले. दुसरा दिवस ‘अ‍ॅडव्हेंट’चा, म्हणजे नाताळपूर्व पर्वाचा पहिला रविवार होता.

१०/१३
२ जानेवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी बॉम्बवर्षाव केला. सुमारे १८०० माणसे मेली आणि जुने शहर जवळजवळ सगळे जमीनदोस्त झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, याच भग्न शहराच्या न्यायमंदिरात, नाझी नेत्यांवरील खटला उभा राहिला. २० डिसेंबरला न्यायालय नाताळासाठी थांबले आणि २ जानेवारी १९४६ रोजी कामकाज पुन्हा सुरू झाले. बॉम्बवर्षावाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष पुरे होत होते.

११/१३
१९४८ मध्ये ढिगाऱ्यांच्या साक्षीने बाजार पुन्हा भरला. फ्रीड्रिख ब्रोगर याने उद्घाटनासाठी नवे काव्य रचले आणि एका अभिनेत्रीने ख्रिस्तबाळाच्या वेशात ते म्हटले. शब्द बदलले, सोहळ्याचा साचा मात्र बराचसा १९३३ चाच राहिला. आज ज्याला आपण ‘मध्ययुगीन’ म्हणून डोळे भरून पाहतो, त्याची घडण मुख्यतः विसाव्या शतकातील आहे. म्हणून तो खोटा ठरत नाही. परंपरा म्हणजे प्रत्येक पिढीने केलेली निवड असते, एवढेच यातून उमगते.

१२/१३
ही निवड आजही चालू आहे. १९६९ पासून ख्रिस्तबाळाच्या भूमिकेसाठी शहरातील तरुणीची निवड होते. २०१९ मध्ये निवडली गेलेली मुलगी न्युरेंबर्गचीच होती. तिचे वडील भारतीय वंशाचे. एका कडव्या उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने समाजमाध्यमावर तिच्या रूपावरून हिणकस शेरा मारला. देशभरातून निषेध झाला, शहर तिच्या पाठीशी उभे राहिले आणि तो मजकूर काढून टाकावा लागला. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच फ्राउएनकिर्शच्या सज्जातून तिने बाजाराचे उद्घाटन केले. या चौकात कोण राहणार आणि कोण नाही, हे १३४९ मध्ये लेखी ठरले होते. २०१९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा आला आणि शहराने त्याचे उत्तर वेगळे दिले.

१३/१३
आता प्रवासाचा बेत करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. हा बाजार अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला उठतो. आपल्याकडची नाताळची सुट्टी लागेपर्यंत दुकाने आवरली जाऊ लागलेली असतात. दिवे आणि लेबकूखेनचा सुवास हवा असेल, तर आठवडाभर आधी निघावे. ते जमले नाही तरी हळहळू नये. सुट्टीतल्या एखाद्या दुपारी बाराला त्या रित्या चौकात जाऊन उभे राहावे. राजपुत्र सम्राटाभोवती फिरू लागले की वर पाहावे आणि मग पायांखालच्या फरसबंदीकडे. रांगोळीसारखा मांडलेला बाजार आवरला गेल्यावरच तिथली जमीन दिसते.