ग्लासगोची जुनी पेढी



चेंडूच्या खेळाचा इतिहास हा वसंत व्याख्यानमालेत सांगण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनी काढली. त्यांचे म्हणणे असे की, इतिहास म्हणजे राजे, तह, लढाया. लाथेने उडविलेल्या चेंडूला बखरीत कोण जागा देतो? आम्ही त्यांना इतकेच विचारले की, एका शहरातील निम्मी माणसे शंभर वर्षे हिरवे वस्त्र घालतात, निम्मी निळे घालतात, आणि रस्त्यात भेटलेल्या मुलाच्या गळपट्ट्याचा रंग पाहून त्याचा बाप्तिस्मा कोणत्या देवळात झाला असेल हे ओळखतात, हा इतिहास नव्हे तर काय? स्नेही गप्प बसले. ते पटले म्हणून की आमचा आवाज चढला म्हणून, ते अजून कळलेले नाही.

हे शहर स्कॉटलंडमधील ग्लासगो. क्लाइड नदीच्या काठी वसलेले, कोळसा, लोखंड आणि जहाजबांधणी यांवर वाढलेले. तेथे फुटबॉलचे दोन मोठे क्लब आहेत. सेल्टिक हा हिरव्या-पांढऱ्या पोशाखाचा, रेंजर्स हा निळ्या. सेल्टिक कॅथलिकांचा आणि रेंजर्स प्रॉटेस्टंटांचा, असे सारे जग म्हणते. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ते खरे कसे होत गेले हे पाहू लागलो म्हणजे धर्माबरोबर भाकरी, मजुरी आणि तिकिटांचा गल्ला यांचीही गाठ पडते.

१८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि भीषण दुष्काळ पडला. समुद्र ओलांडून हजारो आयरिश कुटुंबे क्लाइडकाठी आली. ती बहुतेक कॅथलिक, स्कॉटलंड प्रॉटेस्टंट. आलेल्यांच्या वाट्याला शहराच्या पूर्वेकडील दाट वस्ती आणि हलकी कामे आली. त्या वस्तीत शाळा चालविणारा एक आयरिश धर्मबंधू होता, ब्रदर वॉल्फ्रिड. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरीज देवळाच्या सभागृहात त्याने चार माणसे जमविली आणि फुटबॉलचा क्लब काढला. हेतू खेळाचा नव्हताच. गरीब मुलांना दुपारचे जेवण मिळावे म्हणून चालविलेल्या अन्नछत्राला पैसा हवा होता, आणि सामना लावला की पैसा जमतो, हे त्याने हेरले होते. प्रॉटेस्टंटांच्या अन्नछत्रात जेवलेले मूल पुढे आपल्या देवळात परत येणार नाही, ही धास्तीही त्यामागे होती. दुष्काळातील अन्नदान आणि धर्मांतर यांचे नाते आपल्या प्रांतातील जुन्या माणसांस समजावून सांगण्याची गरज नाही.

वॉल्फ्रिडपुढे नमुना होता एडिंबरोच्या हायबर्नियन क्लबाचा. तो १८७५ साली असाच एका कॅथलिक धर्मगुरूने काढला होता आणि त्यात आरंभी फक्त कॅथलिकांनाच प्रवेश असे. सेल्टिकने तो नियम घेतला नाही. पुढे प्रॉटेस्टंट खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवावी अशी सूचना क्लबात आली, तीही फेटाळली गेली. हे ध्यानात ठेवावे. पुढे याच गोष्टीचे फळ दिसणार आहे.

रेंजर्सचा जन्म तर याहून निरुपद्रवी. १८७२ साली चार पोरसवदा तरुणांनी तो क्लब काढला. देवाधर्माचा तेथे काही संबंध नव्हता. २८ मे १८८८ रोजी सेल्टिकने आपला पहिला सामना खेळला तो याच रेंजर्सशी, आणि पाच-दोन असा जिंकला. सामन्यानंतर दोन्ही संघ सेंट मेरीजच्या त्याच सभागृहात एकत्र जेवावयास बसले. कॅथलिक देवळाच्या पंक्तीला रेंजर्स बसले, हे वाक्य पुढच्या पन्नास वर्षांत ग्लासगोत कोणी खरे मानले नसते.

मग बिघडले कोठे? एक तर सेल्टिक फार जिंकू लागला. १९०५ ते १९१० अशी सलग सहा वर्षे स्कॉटिश लीग त्याने घेतली. आयरिशांच्या या संघाला हरविणारा एखादा आपला संघ असावा, ही भावना स्कॉटिश जनतेत रुजली आणि तो मान रेंजर्सकडे गेला. दुसरे म्हणजे धंदा. १८९७ साली सेल्टिक मर्यादित कंपनी झाला, दोन वर्षांनी रेंजर्सही झाला. ब्रदर वॉल्फ्रिड १८९२ मध्येच लंडनला बदलून गेला होता; अन्नछत्र मागे पडले, भागधारकांचा लाभांश पुढे आला. १९०४ साली एका क्रीडापत्राने व्यंगचित्र छापले. त्यात जाहिरातीचा फलक गळ्यात अडकविलेला एक माणूस लोकांना सांगत होता की, रेंजर्स-सेल्टिकच्या जुन्या पेढीलाच आश्रय द्या. ते नाव चिकटले. आजही या दोघांना मिळून ‘जुनी पेढी’च म्हणतात. पाठिराखे एकमेकांची डोकी फोडीत. पेढी एकच होती.

१९०९ ची चषकाची अंतिम लढत या दृष्टीने मजेशीर आहे. पहिला सामना बरोबरीत सुटला, फेरसामनाही बरोबरीत सुटला. आता जादा वेळ खेळवतील असे लोकांना वाटले, खेळवला नाही. आणखी एकदा तिकिटे विकण्याचा हा डाव आहे असा संशय पसरला. तेव्हा हिरव्या आणि निळ्या पाठिराख्यांनी मिळून हॅम्डन मैदानावर दंगा केला, तिकिटघरे जाळली आणि आग विझवायला आलेल्यांचे नळ कापले. चषक त्या वर्षी कोणालाच दिला नाही. एवढी एकी त्या शहरात क्वचितच दिसली असेल.

खरी कडवट वर्षे त्यानंतरची. १९१२ साली बेलफास्टच्या हार्लंड आणि वुल्फ या कंपनीने ग्लासगोच्या गव्हन भागात जहाजबांधणीचा कारखाना काढला, आणि तिच्याबरोबर अल्स्टरचे प्रॉटेस्टंट कारागीर आपले राजकारण घेऊन आले. रेंजर्सचे आयब्रॉक्स मैदान तेथून जवळ. तिकडे आयर्लंडात १९१६ चे बंड झाले, मग फाळणी झाली. १९२३ साली तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चपुढे एक अहवाल आला; त्यात आयरिश वंश हा स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला धोका ठरविला होता. त्या चर्चने याबद्दल क्षमा मागितली, पण २००२ साली! याच काळात रेंजर्समध्ये कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही ही रीत पक्की झाली.

रीत म्हणतो, नियम नव्हे. तो कोठे लिहिलेला नव्हता. आपल्या मुंबईशी तुलना करून पाहा. मुंबईचे क्रिकेट १९१२ पासून हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांत खेळले जाई. १९३७ साली उरलेल्यांचा पाचवा संघ झाला. सांगलीचा मराठी ख्रिस्ती विजय हजारे त्या पाचव्या संघातून खेळला, आणि १९४३ साली हिंदूंविरुद्ध आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्याने एकट्याने काढल्या. तेथे धर्म पाटीवरच लिहिलेला होता. म्हणून गांधीजींना १९४० साली त्यावर उघड बोट ठेवता आले, वर्तमानपत्रांत वाद झाले, आणि १९४६ नंतर पाटी उतरली. ग्लासगोत पाटीच नव्हती. जी गोष्ट कोणी लिहिली नाही ती रद्द करा असे सांगायचे कोणाला? विचारावे तर संचालक म्हणणार, असा नियम आमच्याकडे कधीच नव्हता. आणि ते शब्दशः खरे!

अशी रीत चालते कशी, तर प्रश्न न विचारता. ग्लासगोत मुकादम कामावर घेताना धर्म विचारीत नसे. कोणत्या शाळेत शिकलास एवढेच विचारी. कॅथलिकांच्या शाळा वेगळ्या, तेव्हा उत्तरात सर्व आले. आपल्याकडे आडनाव विचारतात, तसेच हे. आडनावाने फसगतही होते. डॅनी मॅकग्रेन हा प्रॉटेस्टंट मुलगा, रेंजर्सचा भक्त. रेंजर्सच्या माणसाने त्याचा खेळ हेरला, पण नावावरून तो कॅथलिक असावा असे समजून सोडून दिला, अशी गोष्ट सांगतात. सेल्टिकने त्याला घेतले आणि तो पुढे त्यांचा कर्णधार झाला. केनी डालग्लिश तर आयब्रॉक्सजवळच वाढलेला. सेल्टिकचा माणूस घरी बोलणी करायला आला तेव्हा भिंतीवरची रेंजर्सची चित्रे काढता काढता पोराची धांदल उडाली, हे त्यानेच पुढे लिहिले आहे. ॲलेक्स फर्ग्युसन रेंजर्सने १९६७ साली घेतला. तो प्रॉटेस्टंट, पण बायको कॅथलिक. तेव्हा लग्न देवळात लागले की सरकारी कचेरीत, अशी चौकशी एका संचालकाने केली. कचेरीत, हे ऐकल्यावर त्याचे समाधान झाले.

या सर्वांत आम्हांला जॉक स्टीनची हकीकत अधिक मोलाची वाटते. हा लॅनर्कशायरचा खाणकामगार, प्रॉटेस्टंट, आणि बाप रेंजर्सचा कडवा पाठिराखा. १९५१ साली वेल्समधील एका क्लबातून सेल्टिकने त्याला आणले. त्या दिवसापासून गावातले काही जुने सोबती त्याच्याशी बोलेनासे झाले. खाणीत खांद्याला खांदा लावून ज्यांनी काम केले त्यांनी सदऱ्याच्या रंगावरून तोंड फिरवावे, हे दुःख सामन्याच्या वृत्तांतात येत नाही. स्टीन कर्णधार झाला आणि १९५४ साली सेल्टिकने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. १९६५ साली तो सेल्टिकचा पहिला प्रॉटेस्टंट व्यवस्थापक झाला. सारख्याच गुणांचे दोन खेळाडू, एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट, समोर आले तर कोणास घ्याल, असे त्याला कोणी विचारले. तो म्हणाला म्हणतात की प्रॉटेस्टंटास. कारण दुसऱ्याला रेंजर्स घेणारच नाहीत, तो कोठे जातो! विनोद खरा, पण त्यात व्यापाऱ्याचा हिशेबही होता. रेंजर्स अर्ध्या बाजारात खरेदी करीत होते, सेल्टिक पूर्ण बाजारात. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे स्टीनच्या संघाने इटलीच्या इंटर मिलानचा दोन-एक असा पराभव करून युरोपियन चषक जिंकला. अकराही खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आतले, आणि त्यांत दोन्ही पंथांचे होते.

खेळाडूंना जे जमले ते गर्दीला जमत नव्हते. ५ सप्टेंबर १९३१ रोजी आयब्रॉक्सवर सेल्टिकचा गोलरक्षक जॉन थॉमसन चेंडू अडविण्यासाठी रेंजर्सच्या सॅम इंग्लिशच्या पायांत झेपावला आणि गुडघा डोक्यास लागून त्याच रात्री मरण पावला. वय अवघे बावीस. तो पडला तेव्हा काही निळे पाठिराखे हुर्यो करू लागले. रेंजर्सचा कर्णधार मिकलजॉन याने हात वर करून त्यांस गप्प केले. ज्याला ते कॅथलिकांचा गोलरक्षक समजून हिणवीत होते तो स्वतः प्रॉटेस्टंट होता. इंग्लिशचा दोष नाही असा निर्वाळा मिळाला, पण त्याला प्रेक्षकांनी पुढे सुखाने खेळू दिले नाही. वर्षभरात त्याने स्कॉटलंड सोडले. बेलफास्टमध्ये तर याहून वाईट झाले. १९४८ च्या नाताळात तेथील लिनफिल्डच्या गर्दीने मैदानात घुसून बेलफास्ट सेल्टिकच्या जिमी जोन्सचा पाय मोडला. जोन्सही प्रॉटेस्टंटच. त्या हंगामाअखेर बेलफास्ट सेल्टिकने लीग सोडली ती कायमची.

पेढीचे चालक मात्र एकमेकांस सांभाळून होते. १९५२ साली स्कॉटिश फुटबॉल संघटनेने सेल्टिकला हुकूम केला की मैदानावरचा आयरिश झेंडा उतरवा. या हुकुमामागे पुढाकार कोणाचा? हायबर्नियनच्या अध्यक्षांचा, म्हणजे ज्या क्लबाचा जन्म कॅथलिक देवळात झाला त्याचा. आणि सेल्टिकच्या बाजूने मत कोणी दिले? रेंजर्सनी. झेंडा गेला, सेल्टिक रागावून निघून गेला, तर मोठ्या सामन्यांचे उत्पन्न कोठून येणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. झेंडा राहिला.

१९७६ साली रेंजर्सच्या पाठिराख्यांनी बर्मिंगहॅममध्ये दंगा केल्यावर, यापुढे धर्म पाहणार नाही, असे क्लबाने जाहीर केले. त्यानंतर तेरा वर्षे काही घडले नाही. १० जुलै १९८९ रोजी व्यवस्थापक सूनेस याने मो जॉन्स्टन या कॅथलिकास घेतले. तोही पूर्वीचा सेल्टिकचाच. निळे गळपट्टे जाळले गेले, हिरव्यांनी त्याला फितूर ठरविले. पुढे आमोरुसो हा इटालियन कॅथलिक रेंजर्सचा कर्णधारही झाला आणि फारशी खळखळ झाली नाही. मैदानावरच्या द्वेषगीतांवर मात्र २०१२ साली कायदा करावा लागला, आणि २०१८ साली तो निरुपयोगी म्हणून मागेही घ्यावा लागला. कायदा लिहिला, तसा पुसला. गाणी कोणी लिहून दिलेली नव्हती.

जॉन्स्टनची एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आयब्रॉक्सवर सेल्टिकशी सामना होता. वेळ संपत आली तरी गोल नाही. अगदी शेवटी जॉन्स्टनने तो केला, आणि रेंजर्स एक-शून्य असे जिंकले. काही जुने पाठिराखे त्याचे गोल हिशेबात धरीत नसत, असे सांगतात. त्यांच्या वहीत तो सामना बरोबरीत सुटला.