वेढ्यातला देह

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत राजगड आणि तोरणा एका सोंडेने जोडलेले आहेत. त्यांच्याकडे पाहताना आपल्याला पराक्रम आठवतो. गड लढवणाऱ्यांच्या देहांवर काय गुदरले, याचा मात्र विसर पडतो.

इ. स. १७०३ च्या डिसेंबरात औरंगजेबाच्या फौजेने राजगडाला वेढा घातला. फेब्रुवारी १७०४ मध्ये गड पडला. पुढच्याच महिन्यात शत्रू रात्री दोराच्या शिड्या लावून तोरण्यावर चढला. राजगडावर भय महिनोन्महिने मुक्कामाला होते. तोरण्यावर ते एका रात्री अंगावर आले.

तोरण्यावरील पहारेकऱ्याच्या देहात त्या क्षणी काय घडले असेल, ते शरीरशास्त्र सांगू शकते. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. संकटाची चाहूल लागताच मेंदू अनुकंपी मज्जातंतूंमार्फत हुकूम धाडतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. काळीज धडधडते, श्वास वाढतो, रक्त पचनेंद्रियांकडून स्नायूंकडे वळते. लढण्यास वा पळण्यास देह सिद्ध होतो. असे हे भय म्हणजे निर्मात्याने देहात नेमलेला चौकीदारच होय.

पण चौकीदार अहोरात्र नौबत बडवत राहिला तर? १९३६ साली माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की ताण हटला नाही तर देह प्रथम दचकतो, मग तग धरतो आणि अखेरीस खचतो. जठरात व्रणही पडतात.

आज आपल्या घरांना कर्जाचा, आजारपणाचा, मुलांच्या परीक्षांचा वेढा पडला आहे. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला 'तुझी श्रद्धा कमी पडते' असे सांगून आपण मोकळे होतो. हा त्याच्यावर अन्याय आहे.

देहाला विसावा देणारी परानुकंपी मज्जासंस्थाही आपल्याला लाभली आहे. श्वास संथ झाला की तिला बळ मिळते. २००१ साली इटलीतील लुचानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवरील निरीक्षणे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. लॅटिनमधून रोझरी म्हणताना, तसेच योगमंत्र म्हणताना, श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते, असे त्यांना आढळले.

आम्ही पुरोहितही कित्येकदा रोझरी घाईने उरकतो, हे कबूल केले पाहिजे. यापुढे ती सावकाश म्हणू या. आणि तेवढ्याने ज्याचा वेढा उठत नाही, त्याला डॉक्टरांकडे नेण्यास सोबत जाऊ या. वेढ्यात सापडलेल्याला उपदेशाआधी कुमक हवी असते.