महाडचे भाषण आणि लंडनची भाषा

परदेशातील कार्यासाठी ज्यास मुख्यतः इंग्रजीवर विसंबावे लागते, त्याचा स्वभाषेशी असलेला व्यवहार क्षीण होतो, असा एक समज आहे. महाडच्या इतिहासात या समजाची परीक्षा घेता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध (१९१६) आणि रुपयाच्या प्रश्नावरील लंडनचा प्रबंध (प्रकाशन १९२३) हे दोन्ही इंग्रजीत आहेत. परीक्षक व वाचक इंग्रजी जाणणारे असल्याने अन्य मार्ग नव्हता. तथापि लंडनच्या दोन मुक्कामांच्या दरम्यान, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले, ते मराठीत. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेही मराठीतच.

या दृष्टीने २५ डिसेंबर १९२७ चे महाडचे भाषण विशेष अभ्यसनीय आहे. त्यात त्यांनी परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. कोकणच्या खेड्यांतून आलेल्या श्रोत्यांस व्हर्सायचा परिचय कोठून असणार? म्हणून विवेचनाचा आरंभ तळ्यापासूनच होतो: ते पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी तेथे जावयाचे आहे. परभाषेतून मिळविलेली समतेची संकल्पना येथे श्रोत्यांच्या नित्य अनुभवात रुजविली गेली.

उलट प्रवासही घडला. १९३० च्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची गाऱ्हाणी त्यांनी इंग्रजीत मांडली. तळ्याच्या दाव्याचा अखेरचा निकालही १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात, म्हणजे इंग्रजीतच, लागला. हक्काची जाणीव मराठीने जागविली. त्यास कायद्याची मान्यता मात्र इंग्रजीतून मिळाली. दोहोंपैकी एक भाषा वगळली असती, तर हे कार्य अपुरे राहिले असते.

आज महाड-पोलादपूरचे तरुण नोकरीनिमित्त परदेशी जातात व तेथे इंग्रजीवर निर्वाह करतात. त्यांच्या इंग्रजीची मोजदाद करण्यापूर्वी, तेथे मिळविलेले ज्ञान गावच्या भाषेत परत येते काय, हे अभ्यासकांनी पाहावे.