डिजियात्रा: विमानतळावर तपासणी सरकारी की खासगी?

ढोकीहून पुण्याला जाऊन पहिलं विमान पकडताय? मग 'डिजियात्रा' अ‍ॅप कोणाचं, हे माहीत हवं. ते चालवणारी संस्था सरकारी खातं नाही. तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा 26 टक्के, उरलेला विमानतळ कंपन्यांचा. अ‍ॅप चेहरा ओळखून गेट उघडतं, रांगेतला वेळ वाचतो. पण बॅग आणि अंगझडती सीआयएसएफचे जवानच घेतात. 1999 च्या कंदाहार अपहरणानंतर, 2000 पासून, हे काम टप्प्याटप्प्याने पोलिसांकडून त्यांच्याकडे आलं. अमेरिकेत 2001 च्या हल्ल्यापूर्वी विमान कंपन्यांनी नेमलेले खासगी लोक तपासणी करत; नंतर ती सरकारने हाती घेतली.

लक्षात ठेवा: डिजियात्रा ऐच्छिक आहे. तिकीट आणि ओळखपत्र दाखवूनही आत जाता येतं. चेहऱ्याचा डेटा द्यायचा की नाही, हे तुम्हीच ठरवायचं.