कन्व्हिव्हियल : एका शब्दाची पंगत

बँकेतल्या माझ्या निरोप समारंभात आमचे साहेब इंग्रजीत बोलले. बोलता बोलता म्हणाले, 'ही इज अ कन्व्हिव्हियल मॅन.' टाळ्या पडल्या. मीही हसून हात जोडले, पण अर्थ काही कळला नव्हता. घरी येऊन डिक्शनरी उघडली. खाण्यापिण्यात, चार माणसांच्या मैफलीत रमणारा, असा अर्थ निघाला. सौ. म्हणाली, "खाण्याचं खरं आहे, पण पिण्याचं त्यांना कोणी सांगितलं?"

रिटायर माणसाकडे वेळ असतो. हळूहळू त्या शब्दाच्या मुळाशी गेलो. स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून समितीने आग्रह केला, तेव्हा तोच विषय घ्यावा असं ठरवलं.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात आला, तो लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'कॉन्विव्हियम' म्हणजे मेजवानी. पण त्याची फोड केली तर 'कॉन' म्हणजे सोबत आणि 'विव्हेरे' म्हणजे जगणे. थोडक्यात, सहजीवन! आणि गंमत म्हणजे हे 'विव्हेरे' आणि आपल्या संस्कृतातला 'जीव्' धातू एकाच कुळातले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असं सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात सांगितलं होतं. त्याचा असा पुरावा ताटातच सापडला.

रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसरो याने इ.स.पू. 44 मध्ये म्हातारपणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात 84 वर्षांचे केटो तरुणांशी बोलतात. ते म्हणतात की मेजवानीला ग्रीक लोक 'एकत्र पिणे' किंवा 'एकत्र जेवणे' म्हणतात, आम्ही रोमन 'एकत्र जगणे' म्हणतो, आणि आमचाच शब्द सरस आहे. जेवणातली खरी गोडी पदार्थांत नसून मित्रांच्या सहवासात आणि गप्पांत आहे, असं त्यांचं म्हणणं. सत्तरी ओलांडल्यावर मला ते शंभर टक्के पटतं. पथ्याचं जेवणसुद्धा सोबत असली की खाली उतरतं.

पण शब्द मोठा असला म्हणून वागणं मोठं असतंच असं नाही. दीडएकशे वर्षांनी धाकट्या प्लिनीने एका तरुण मित्राला पत्र लिहिलं. तो एका श्रीमंताकडे जेवायला गेला होता. यजमानाने स्वतःला आणि मोजक्या लोकांना उत्तम पदार्थ वाढले, बाकीच्यांना हलके. दारूच्याही तीन प्रती होत्या : एक स्वतःसाठी आणि खास पाहुण्यांसाठी, दुसरी कमी प्रतीच्या मित्रांसाठी, तिसरी गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी. शेजारच्या पाहुण्याने प्लिनीला विचारलं, तुम्ही काय करता? प्लिनी म्हणाला, मी सगळ्यांना सारखंच वाढतो. मग खर्च फार होत असेल? नाही, कारण ते माझी दारू पीत नाहीत, मी त्यांची पितो.

आपल्या मराठीत या रोगाला नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच.

आता घरची गोष्ट. आपल्या सोसायटीच्या पहिल्या वर्धापनदिनी मी खजिनदार होतो. पानांचा हिशोब माझ्याकडे. फ्लॅटप्रमाणे कुपनं काढली. वॉचमन आणि जिने झाडणाऱ्या बाई 'मागून बसतील', हे मीच ठरवलं. ते बसले तेव्हा बासुंदी संपली होती. वॉचमन काही बोलला नाही. पुरी-भाजी खाऊन गेटवर गेला. हिशोबात पैसे शिल्लक राहिले आणि जनरल बॉडीत माझं कौतुक झालं. पुढे प्लिनीचं पत्र वाचताना तो यजमान मला ओळखीचा वाटला.

इंग्रजीत आज कन्व्हिव्हियल हा शब्द माणसाला, संध्याकाळीला, वातावरणाला लावतात. पेल्यांचा किणकिणाट त्याला चिकटला आहेच. 'ग्रिगेरियस' हा त्याचा शेजारी, पण त्याच्या मुळाशी कळप आहे. कळपात गर्दी असते, सोबत असेलच असं नाही. 'सोसायटी' शब्दाच्या मुळाशी मात्र 'सोशियस', म्हणजे सोबती. नुसता एका जिन्याने जाणारा-येणारा नव्हे.

25 वर्षांत आपण लिफ्ट बदलली, रंग दोनदा काढला, पार्किंगवरून भांडलो आणि गणपतीत एकत्र जेवलो. रौप्यमहोत्सवाच्या जेवणाची यादी समितीने पुन्हा माझ्याकडे दिली आहे. पहिल्या पंगतीत वॉचमन, सफाईवाल्या बाई, पंप चालवणारे मामा आणि त्यांच्या घरची मंडळी यांची नावं लिहून टाकली आहेत. वाढायला मी उभा राहणार. गुडघे कुरकुरतात, पण बासुंदीचं भांडं अजून धरता येतं.