'सगळं मान्य' म्हणण्याआधी: त्सुफेनहाउझेनपासून सुरू होणारी एक गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नाने करू या. आज सकाळपासून तुम्ही 'आले आक्सेप्टिरेन' हे बटण किती वेळा दाबलंत? ट्रेनची वेळ बघताना, वाढदिवसाच्या केकची कृती शोधताना, भारताच्या तिकिटांचे दर बघताना. स्क्रीनवर पाटी येते, कुकीजबद्दल बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, आपण घाईत असतो आणि 'सगळं मान्य' म्हणून मोकळे होतो.

ही पाटी आपल्यासमोर कशी आली, त्याची गोष्ट आज ऐकायची आहे. ती आपण श्टुटगार्टच्या उत्तरेकडून, त्सुफेनहाउझेनपासून सुरू करू.

त्सुफेनहाउझेन म्हटलं की सगळ्यांना पोर्शे आठवते. पण तिथे आणखी एक मोठी कंपनी होती, स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेन्झ. लोक तिला एसईएल म्हणत. टेलिफोन एक्स्चेंज, रेडिओ, टेलिव्हिजन हा तिचा धंदा. लोरेन्झश्ट्रासे हा रस्ता तिथे आजही आहे. या नावामागे एक जुनी गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात लोरेन्झ कंपनीने जर्मन सैन्यासाठी गुप्त संदेशांची यंत्रं बनवली होती. ते संदेश कोणालाही वाचता येणार नाहीत, अशी खात्री होती. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या मंडळींनी ते उलगडले, आणि त्या कामासाठी कोलोसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र उभं केलं. 'आमच्याकडे तुमची माहिती सुरक्षित आहे' हे वाक्य वाचलं, की ही गोष्ट आठवावी.

युद्धानंतर लोरेन्झचा कारभार श्टुटगार्टला आला. इथेच कार्ल श्टाइनबुख नावाचे इंजिनिअर होते, जन्माने बाड कानश्टाटचे. 1957 मध्ये त्यांनी एका लेखात 'इन्फॉर्माटिक' हा शब्द वापरला. माहितीवर यंत्राने आपोआप प्रक्रिया करायची, तिचं हे नाव. आज जर्मनीत आपली मुलं शाळेत आणि विद्यापीठात 'इन्फॉर्माटिक' शिकतात, तो शब्द इथला आहे.

त्याच सुमारास या कंपनीने जे मोठं काम केलं, ते होतं क्वेले या कंपनीसाठी. क्वेले म्हणजे घरपोच माल पाठवणारं प्रचंड दुकान. जाडजूड कॅटलॉग घरी यायचा, लोक कपडे, भांडी, शिलाई मशीन त्यातून निवडायचे आणि पत्र लिहून मागवायचे. रोज पत्रांचे ढीग यायचे. त्या ऑर्डरींचा आणि मालाचा हिशेब यंत्राने करायचा, हे ते काम. म्हणजे जर्मनीत संगणकशास्त्राचं बारसं झालं, तेव्हा पाळण्याशेजारी एक दुकान उभं होतं. कोणी काय मागवलं, हे यंत्राला कळायला तिथून सुरुवात झाली.

आता यात वाईट काय? काहीच नाही. आपल्या गावाकडच्या वाण्याकडेही वही असायची. कोणाकडे साखर किती जाते, कोणाची उधारी किती, कोणाकडे पाहुणे आलेत, सगळं त्याला ठाऊक. ती वही उधारीसाठी आहे, तोवर कोणाची तक्रार नसते. पण उद्या वाण्याने ती वही सावकाराला दाखवली, परवा मुलीच्या सासरच्यांना, तेरवा फौजदाराला? वही तीच, अक्षरही तेच. बदललं फक्त कारण. माहिती ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी ती वापरली जाते की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे. जर्मन कायद्यात याला 'त्स्वेकबिंडुंग' म्हणतात. हेतूशी बांधिलकी.

हा शब्द या देशाने फार महाग किंमत देऊन शिकला. त्सुफेनहाउझेनहून शहराकडे जाणारी एस-बान पकडा. फॉयरबाख येतं आणि मग नॉर्डबानहोफ. या स्टेशनच्या परिसरात जुने रूळ जपून ठेवले आहेत आणि शेजारच्या भिंतीवर नावं लिहिली आहेत. 1 डिसेंबर 1941 रोजी व्युर्टेम्बर्गमधल्या सुमारे 1,000 ज्यूंना इथून आगगाडीत बसवून रीगाला नेलं. त्यातले फार थोडे परत आले.

त्याआधी अडीच वर्षं, मे 1939 मध्ये, जर्मनीत जनगणना झाली होती. नेहमीच्या तक्त्यासोबत एक जादा कार्ड होतं. त्यात आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होतं, हे लिहायचं होतं. कार्ड बंद पाकिटात द्यायचं, ते फक्त आकडेवारीसाठी, असं सांगितलं गेलं. हद्दपारीच्या याद्या करायला नेमका त्या कार्डांचा किती उपयोग झाला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण याद्या हवेतून आल्या नाहीत. वस्तीची नोंदणी पुस्तकं, ज्यू संस्थांची सदस्यकार्डं, पोलिसांच्या नोंदी, असे कोणीतरी कधीतरी साध्या कामासाठी लिहिलेले कागद त्यासाठी वापरले गेले.

तुम्ही इथे आल्यावर आनमेल्डुंग केलंत, तेव्हा फॉर्मवर धर्माचा रकाना पाहून थबकला असाल. आज तो चर्चच्या करासाठी असतो. तरीही अशा रकान्यांकडे या देशातले जुने लोक का सावधपणे बघतात, ते नॉर्डबानहोफला गेल्यावर समजतं. पूर्व जर्मनीने तर युद्धानंतरही धडा घेतला नाही. तिथल्या श्टाझी या गुप्त पोलिसांनी मागे ठेवलेले कागद एकापुढे एक लावले, तर 111 किलोमीटर भरतात.

पश्चिमेकडे मात्र वेगळं घडलं. 1970 मध्ये हेसेन राज्याने माहिती संरक्षणाचा कायदा केला. असा कायदा जगात पहिलाच. संपूर्ण पश्चिम जर्मनीचा कायदा 1977 मध्ये आला. तरी सर्वसामान्य माणूस या विषयावर जागा झाला तो 1983 मध्ये. त्या वर्षी 27 एप्रिलला जनगणना ठरली होती. गोळा झालेली माहिती आकडेवारीसाठी तर वापरायचीच, शिवाय नगरपालिकेच्या रहिवासी नोंदी तिच्यावरून दुरुस्त करायच्या, असा बेत होता. पुन्हा तीच गोष्ट: वही एका कामाची, वापर दुसऱ्या कामाला.

लोक बिथरले. गावोगावी बहिष्काराच्या समित्या निघाल्या. हजाराहून जास्त तक्रारी घटना न्यायालयात गेल्या. त्यात हांबुर्गच्या दोन वकील बायका होत्या, माया श्टाडलर-ऑयलर आणि गिझेला विल्ड. दिवस भरायला दोन आठवडे उरले असताना कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने जनगणना थांबवली आणि 15 डिसेंबर 1983 रोजी निकाल दिला. आपल्याबद्दलची माहिती कोणाला द्यायची आणि तिचं काय व्हायचं, हे ठरवण्याचा अधिकार मुळात ज्याची माहिती त्याचा, असं न्यायालयाने म्हटलं. दोन मुद्दे त्यात फार महत्त्वाचे. एक, संगणकाच्या काळात कुठलीही माहिती क्षुल्लक राहिलेली नाही, कारण दोन क्षुल्लक गोष्टी जोडल्या की मोठी गोष्ट तयार होते. दुसरा, आपली नोंद होत असेल या भीतीने माणूस आपोआप दबून वागायला लागतो, सभेला जाणं टाळतो, आणि त्यात नुकसान सगळ्या लोकशाहीचं होतं. जनगणना अखेर 1987 मध्ये झाली, सुधारलेल्या कायद्याने.

आता कुकीजकडे येऊ. 1994 मध्ये अमेरिकेत नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाच्या तरुण प्रोग्रामरसमोर एक अडचण होती. वेबसाइटला आठवण नसते. तुम्ही एक वस्तू टोपलीत टाकली आणि पुढच्या पानावर गेलात, की तिच्या लेखी तुम्ही नवे गिऱ्हाईक. त्याने उपाय काढला: तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटी चिठ्ठी ठेवायची, पुढच्या वेळी वेबसाइट तीच चिठ्ठी वाचून तुम्हाला ओळखेल. तिचं नाव कुकी. क्वेलेप्रमाणे इथेही सुरुवात दुकानातूनच झाली.

चिठ्ठी ज्याची त्यानेच वाचावी, असा नियम होता. पण एका पानावर दहा वेगळ्या कंपन्यांच्या जाहिराती असतात, आणि त्यातली प्रत्येक कंपनी आपली चिठ्ठी ठेवू शकते. तीच जाहिरात कंपनी हजार वेबसाइटवर असली, की तुम्ही सकाळी मधुमेहाबद्दल वाचलंत, दुपारी कर्जाचे दर बघितलेत, रात्री नोकरी शोधलीत, हे सगळं तिच्या एकाच वहीत जमा होतं. त्या वाण्याला तुम्ही कधी बघितलेलंही नसतं.

म्हणून युरोपने नियम केला की अशा चिठ्ठ्या ठेवण्याआधी विचारा. विचारण्यातही लबाडी झाली. एका जर्मन बक्षीस योजनेत संमतीच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती. ग्राहक संघटनांच्या महासंघाने खटला भरला. 1 ऑक्टोबर 2019 रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे, आणि 28 मे 2020 रोजी कार्ल्सरूहच्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते जर्मनीत लागू केलं. आज ती पाटी आपल्याला इतकी छळते, त्याचं एक कारण हे. पाटी कटकटीची आहे, मान्य. पण तिच्यामागे 1983 ची ती माणसं उभी आहेत.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, ही जर्मनांची दुखणी, आपल्याला काय त्याचं? मंडळी, आपल्याकडेही वहीने माणसं भरडली आहेत. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. रजिस्टरमध्ये नाव, बोटांचे ठसे, ठाण्यावर हजेरी. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, लोक तिला आजही सेटलमेंट म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. तो दिवस महाराष्ट्रात विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या रजिस्टरमधल्या नावांवरचा संशय पुरता गेलेला नाही.

देशातलं पहिलं आधार कार्डही महाराष्ट्रातच दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. सरकारी मदत योग्य माणसाला मिळावी, हा हेतू. मग बँक, मोबाइल, शाळा, सगळीकडे तोच आकडा मागू लागले. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातलं मोठं निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. आणीबाणीत, 1976 मध्ये, अटकेतल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं म्हणणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. मुलाने त्याच निकालपत्रात वडिलांचं ते मत चुकीचं ठरवलं. पुढच्या वर्षी खासगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूदही न्यायालयाने रद्द केली. पुन्हा तोच मुद्दा: ज्या कामासाठी दिलं, त्याच कामासाठी.

तर मग आपण काय करायचं? घाबरून फोन टाकून द्यायची गरज नाही. तीन साध्या गोष्टी करा.

पहिली. पाटी आली की 'आले आबलेनेन' शोधा. आवश्यक कुकीज तरीही राहतात, वेबसाइट बहुतेक वेळा नीट चालते. पूर्वी 'हो' म्हटलं असेल तरी ते मागे घेता येतं, आणि ते देण्याइतकंच सोपं असायला हवं, असा कायदा आहे.

दुसरी. आनमेल्डुंगच्या कार्यालयात तुम्ही लिहून देऊ शकता की माझी माहिती पत्त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांना देऊ नका. त्याला पैसे पडत नाहीत. नवीन आलेल्या मित्रांनाही हे सांगा, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

तिसरी, आणि माझी सगळ्यात आवडती. युरोपच्या कायद्याचं कलम 15. कुठल्याही कंपनीला दोन ओळींचं पत्र लिहा: माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे, कशासाठी आहे, आणि कोणाला दिलंत? साधारणपणे महिन्याभरात, फुकट, उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. नाही दिलं, तर श्टुटगार्टमध्ये राज्याच्या माहिती संरक्षण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करा. एकदा सुपरमार्केटच्या पॉइंट्स कार्डाबद्दल असं पत्र मुलांना सोबत घेऊन लिहा. उत्तर आलं की सगळ्यांनी मिळून वाचा. आपल्या घरात दूध किती येतं, दिवाळीत बेसन किती जातं, हे त्यात निघालं तर मुलांना वाण्याच्या वहीची गोष्ट सांगा.

आणि पुढच्या वेळी त्सुफेनहाउझेनहून शहरात जाल, तेव्हा नॉर्डबानहोफला उतरा. दहा मिनिटं त्या भिंतीवरची नावं वाचा. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' असं आपण सहज म्हणतो. त्या नावांपैकी कोणाकडेच नव्हतं.

आजच्यापुरतं इतकंच. काळजी घ्या, पुढच्या भागात भेटू. नमस्कार.